रिव्हर्स लाइट स्विच

रिव्हर्स लाइट स्विच हा मोटार वाहनाच्या गिअरपेटीवर बसवलेला एक लहान विद्युत-यांत्रिक स्विच आहे. चालकाने रिव्हर्स गिअर टाकताच हा स्विच विद्युत मंडल पूर्ण करतो आणि वाहनाच्या मागील बाजूचे पांढरे दिवे पेटतात. गिअर काढताच मंडल तुटते व दिवे विझतात. हस्तचालित (मॅन्युअल) गिअरपेटी असलेल्या बहुतेक मोटारी, मालवाहू गाड्या व बस यांमध्ये तो आढळतो. गॅरेजमध्ये त्याला 'रिव्हर्स स्विच' किंवा 'बॅक लाइट स्विच' असेही म्हणतात.

वाहन मागे जाणार आहे ही माहिती अनेक वाहनांत केवळ या एका स्विचकडून मिळते. मागील दिव्यांखेरीज मागचा कॅमेरा, अंतर सांगणारे संवेदक आणि मागे घेताना वाजणारा भोंगा यांनाही बऱ्याचदा याच स्विचचा संकेत दिला जातो. त्यामुळे किमतीने किरकोळ असलेला हा भाग बिघडल्यास मागे उभ्या असलेल्या माणसाला मिळणाऱ्या सर्व सूचना एकाच वेळी बंद पडू शकतात. मात्र दिवे न लागण्याचे कारण प्रत्येक वेळी स्विच हेच असते असे नाही. म्हणून स्विच बदलण्यापूर्वी मंडलाची क्रमवार तपासणी करणे आवश्यक ठरते.

कार्य व महत्त्व

वाहनाच्या मागील बाजूस सर्वसाधारणपणे लाल रंगाचे दिवे असतात. रिव्हर्सचा दिवा मात्र पांढरा असतो व तो दोन कामे करतो. पहिले काम सूचनेचे आहे. मागून येणारे वाहनचालक, पादचारी व सायकलस्वार यांना गाडी मागे येत असल्याचे पांढऱ्या प्रकाशावरून कळते. दुसरे काम उजेडाचे आहे. अंधारात आरशातून किंवा काचेतून मागे पाहणाऱ्या चालकाला रस्त्यावरील अडथळा, खड्डा, गटार अथवा व्यक्ती दिसावी यासाठी हा प्रकाश उपयोगी पडतो.

वाहनाच्या अगदी मागचा, काचेच्या कडेखालील भाग चालकाच्या नजरेआड राहतो. लहान मुले, खाली वाकलेली किंवा बसलेली माणसे आणि जनावरे या भागात असल्यास आरशात दिसत नाहीत. वाहन मागे घेताना होणारे अपघात कमी वेगाने होत असले, तरी चाकाखाली सापडण्याच्या शक्यतेमुळे ते प्राणघातक ठरू शकतात. अशा वेळी अचानक पेटलेला पांढरा दिवा हा मागील व्यक्तीला बाजूला होण्यासाठी मिळणारा पहिला इशारा असतो.

भारतात अनेक मोटारींना गाडी मागे घेताना वाजणारा भोंगा किंवा एखादी धून वाजवणारे उपकरण जोडलेले असते. हे उपकरण बहुधा रिव्हर्स दिव्याच्या तारेलाच समांतर जोडतात. त्यामुळे दिव्याबरोबर धूनही बंद पडली असेल, तर बिघाड दोघांच्या सामाईक भागात, म्हणजे फ्यूज, स्विच किंवा त्यांमधील तारेत असण्याची शक्यता अधिक असते. धून वाजते पण दिवा लागत नाही, अशा वेळी स्विच बहुधा ठीक असून दोष बल्ब, होल्डर किंवा दिव्याच्या अर्थमध्ये असतो.

रचना

स्विचचे बाह्य कवच धातूचे असून त्याच्या एका टोकाला आटे आणि मधल्या भागात पाना लावण्यासाठी षटकोनी आकार असतो. आट्यांकडील टोक गिअरपेटीत शिरते. या टोकाला स्प्रिंगच्या जोरावर बाहेर राहणारा दट्ट्या किंवा पोलादी गोळी असते. दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकचा भाग असून त्यातून दोन विद्युत अग्रे बाहेर येतात. काही स्विचना थेट जोडणी बसते, तर काहींना कारखान्यातूनच तारेचा छोटा तुकडा जोडलेला असून जोडणी त्या तारेच्या टोकाला असते.

आतमध्ये दोन स्थिर व एक सरकता संपर्क असतो. बहुतेक स्विच 'सामान्यतः खुले' या प्रकारचे असतात. दट्ट्या आत दाबला गेल्यावर सरकता संपर्क दोन्ही स्थिर संपर्कांना टेकतो व विद्युत प्रवाह सुरू होतो. दट्ट्याभोवतीचे सील गिअरपेटीतील तेलाला स्विचच्या विद्युत भागात शिरू देत नाही. कवच आणि गिअरपेटी यांच्यामधून तेल झिरपू नये म्हणून तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर, रबरी ओ-रिंग किंवा आट्यांवर लावलेले सीलंट यांपैकी एका उपायाची योजना केलेली असते. गॅरेजच्या बोलीत या वॉशरला 'वायसर' म्हणतात.

काही जुन्या वाहनांत एकच तार असलेला स्विच आढळतो. त्याचे दुसरे अग्र म्हणजे त्याचे कवचच असते व मंडल गिअरपेटीच्या धातूमधून पूर्ण होते.

कार्यपद्धती

हस्तचालित गिअरपेटीत रिव्हर्स गिअरसाठी एक जादा मध्यस्थ दंतचक्र वापरलेले असते. या दंतचक्रामुळे बाहेर जाणाऱ्या दांड्याची फिरण्याची दिशा उलट होते. चालक गिअरचा दांडा रिव्हर्सकडे नेतो तेव्हा गिअरपेटीतील निवड-दांडा व त्यावरील काटा ठराविक अंतर सरकतो. या सरकणाऱ्या भागाचा उंचवटा किंवा उतार स्विचच्या दट्ट्याला दाबतो. अन्य कोणत्याही गिअरमध्ये हा उंचवटा दट्ट्यापर्यंत पोहोचत नाही.

विद्युत प्रवाहाचा मार्ग साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो: बॅटरी, इग्निशन स्विच, फ्यूज, रिव्हर्स लाइट स्विच, मागील दिवे आणि शेवटी वाहनाच्या सांगाड्याला जोडलेली अर्थ तार. इग्निशन बंद असताना रिव्हर्स गिअर टाकून ठेवला तरी दिवे पेटत नाहीत. उतारावर गाडी गिअरमध्ये उभी करण्याची पद्धत असल्याने ही व्यवस्था आवश्यक आहे, अन्यथा बॅटरी उतरली असती.

अनेक मोटारींत मागील बाजूस २१ वॅटचे दोन बल्ब असतात. १२ व्होल्टच्या मंडलात अशा दोन बल्बांचा एकत्रित प्रवाह सुमारे ३.५ अँपिअर होतो. जुन्या रचनेत हा संपूर्ण प्रवाह स्विचच्या संपर्कांतून जातो. थंड असलेल्या तंतूचा रोध अत्यल्प असल्यामुळे बल्ब पेटण्याच्या क्षणी प्रवाह याच्या कित्येक पटींनी जास्त असतो. प्रत्येक वेळी संपर्कांवर बारीक ठिणगी पडते व त्यांची हळूहळू झीज होते. मोठ्या मालवाहू गाड्या व बस यांमध्ये २४ व्होल्टचे मंडल असल्याने तेवढ्याच वॅटच्या दिव्यांना निम्मा प्रवाह पुरतो.

अलीकडील अनेक वाहनांत स्विचमधून केवळ अल्प प्रवाहाचा संकेत नियंत्रक संगणकाला मिळतो आणि दिवे तो संगणक पेटवतो. याच संकेतावरून कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर येते, पार्किंग संवेदक चालू होतात आणि काही वाहनांत आतील आरशाची काच मंद झालेली असल्यास ती पुन्हा स्वच्छ होते.

स्वयंचलित गिअरपेटीच्या वाहनांत हे काम बहुधा वेगळा स्विच करत नाही. पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल व ड्राइव्ह या स्थिती ओळखणारा एकच संवेदक तेथे असतो. त्यामुळे पुढील तपासणी व बदलाची माहिती हस्तचालित गिअरपेटीपुरती मर्यादित आहे.

स्थान

स्विचचे स्थान गिअरपेटीच्या रचनेवर अवलंबून असते. पुढील चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारींत इंजिन व गिअरपेटी आडवी बसवलेली असते. अशा गाड्यांत स्विच पुष्कळदा गिअरपेटीच्या वरच्या किंवा पुढच्या बाजूस असतो व बॉनेट उघडून, हवेच्या गाळणीची पेटी अथवा बॅटरी बाजूला केल्यावर हाताला लागतो. मागील चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनांत गिअरपेटी उभी, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने असते. तेथे स्विच पेटीच्या बाजूस किंवा मागच्या भागात असून तो बदलण्यासाठी गाडीखाली जावे लागते.

काही गिअरपेट्यांवर रिव्हर्स लाइट स्विचशेजारी किंवा समोरच्या बाजूस त्याच्यासारखाच दिसणारा न्यूट्रल स्विचही असतो. माझदा एमएक्स-५ या दोन आसनी मोटारीची पहिली पिढी हे याचे एक उदाहरण आहे. तिच्या गिअरपेटीवर हे दोन्ही स्विच असून न्यूट्रल स्विचचा संकेत इंजिनाच्या नियंत्रकाला जातो. अशा गाड्यांत चुकीचा स्विच काढला जाण्याची किंवा जोडण्यांची अदलाबदल होण्याची शक्यता असते. म्हणून तारांचे रंग वाहनाच्या विद्युत आराखड्याशी ताडून पाहावे लागतात.

बिघाडाची कारणे

संपर्कांची झीज: ठिणग्यांमुळे संपर्कांवर काजळी व खड्डे पडतात. त्यांचा रोध वाढून दिवे मंद होतात किंवा लागतच नाहीत.

अतिरिक्त भार: मूळ बल्बांऐवजी जास्त वॅटचे दिवे लावणे हे स्विच अकाली जळण्याचे प्रमुख कारण आहे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. एवढ्या प्रवाहासाठी हा स्विच बनवलेला नसतो. असे दिवे लावायचे असल्यास स्वतंत्र फ्यूज व रिले वापरून स्विचवर केवळ रिलेच्या गुंडाळीचा भार ठेवला जातो.

दट्ट्याची झीज: दट्ट्याचे टोक घासले गेल्यास किंवा स्प्रिंग कमकुवत झाल्यास संपर्क पूर्ण टेकत नाहीत. दट्ट्या आतच अडकून बसल्यास दिवे सतत पेटलेले राहतात.

तेलाची गळती: उष्णतेने सील कडक होऊन तेल स्विचच्या आत व तेथून जोडणीत शिरते. प्लॅस्टिकचा भाग धातूच्या कवचातून सैल झाल्यासही असेच घडते.

पाणी व गंज: गाडीखालील स्विचवर पाणी व चिखल उडतो. जोडणीचे रबर फाटलेले असल्यास अग्रांवर हिरवट गंज चढतो. कोकणासारख्या अतिपावसाच्या व खाऱ्या हवेच्या प्रदेशात हा दोष लवकर उद्भवतो.

गिअर पूर्ण न बसणे: दांड्याच्या जोडणीतील बुश झिजल्यास किंवा केबलची जुळणी बिघडल्यास निवड-दांडा पूर्ण अंतर सरकत नाही. स्विच निर्दोष असूनही दट्ट्या दाबला जात नाही. अशा वेळी नवीन स्विच बसवूनही दोष कायम राहतो.

लक्षणे

स्विच बिघडल्याचे सर्वांत ठळक लक्षण म्हणजे रिव्हर्स गिअर टाकूनही मागील दोन्ही दिवे न लागणे. दिवे कधी लागणे व कधी न लागणे, किंवा गिअरचा दांडा हाताने रेटून धरल्यावरच लागणे, ही सुरुवातीची लक्षणे आहेत. पुढे जाताना दिवे पेटलेले राहत असल्यास स्विच आतून जोडलेल्या स्थितीत अडकलेला असतो किंवा तारांचे निरोधन घासून त्या एकमेकींना टेकलेल्या असतात. हा दोष विशेष धोकादायक आहे, कारण मागील चालकाला गाडी उलटी येत असल्याचा भास होतो आणि दिवा खरोखर मागे येतानाही तसाच दिसत असल्याने इशाऱ्याचा अर्थच उरत नाही.

रिव्हर्स टाकताक्षणी फ्यूज उडत असेल, तर स्विचनंतरच्या तारेत किंवा दिव्याच्या होल्डरमध्ये शॉर्ट असण्याचा संभव असतो. त्याच फ्यूजवर इतर उपकरणे असल्यास तीही बंद पडतात. स्विचभोवती तेल जमणे किंवा जोडणी उघडल्यावर आत तेल दिसणे हे सील निकामी झाल्याचे लक्षण आहे.

दोन दिव्यांपैकी एकच लागत असल्यास स्विच दोषी नसतो, कारण स्विच दोन्ही दिव्यांना समाईक असतो. मात्र काही मोटारींना मुळातच रिव्हर्सचा एकच दिवा असतो व दुसऱ्या बाजूस त्याच जागी धुक्यातील लाल दिवा दिलेला असतो. अशा गाडीत एका बाजूचा पांढरा दिवा नसणे हा बिघाड नव्हे.

तपासणी

तपासणी सोप्या भागांपासून सुरू करून अवघड भागांकडे नेण्याचा प्रघात आहे. गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढला जातो व चाकांना लाकडी ठोकळ्यांचा अडसर दिला जातो. त्यानंतर इंजिन सुरू न करता केवळ इग्निशन चालू ठेवून रिव्हर्स गिअर टाकला जातो.

१. बल्ब: दोन्ही बल्ब काढून तंतू व होल्डरमधील गंज पाहिला जातो. दोन्ही बल्ब एकाच वेळी जळणे क्वचित घडत असले, तरी एक आधीच जळलेला व तो लक्षात न आलेला असू शकतो.

२. फ्यूज: वाहनाच्या माहितीपुस्तिकेवरून योग्य फ्यूज शोधून तो तपासला जातो. उडालेल्या फ्यूजच्या जागी मूळ अँपिअरचाच फ्यूज बसवला जातो. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार वापरल्यास आग लागण्याचा धोका संभवतो.

३. अर्थ: बल्बच्या होल्डरमध्ये विद्युत दाब मिळत असूनही दिवा न लागल्यास अर्थ तारेचा जोड तपासला जातो.

४. तार जोडून चाचणी: स्विचची जोडणी सोडवून तारेकडील दोन अग्रे फ्यूज असलेल्या छोट्या तारेने जोडली जातात. दिवे पेटल्यास बल्ब, फ्यूज व तारा ठीक असून दोष स्विचमध्ये अथवा त्याला दाबणाऱ्या यंत्रणेत असतो. दिवे न पेटल्यास स्विच बदलून उपयोग नसतो. जोडणीत दोनपेक्षा अधिक अग्रे असल्यास किंवा दिवे संगणकामार्फत पेटत असल्यास विद्युत आराखडा पाहिल्याशिवाय ही चाचणी केली जात नाही.

५. मल्टिमीटर चाचणी: जोडणी सोडवलेल्या स्विचच्या दोन अग्रांमधील रोध मोजला जातो. रिव्हर्समध्ये तो शून्याच्या जवळ व अन्य गिअरमध्ये अनंत, म्हणजे मंडल खुले, असणे अपेक्षित आहे.

६. भाराखालील चाचणी: मल्टिमीटर रोध मोजताना अतिशय कमी प्रवाह सोडतो. त्यामुळे जळालेले संपर्कही या मोजणीत निर्दोष दिसू शकतात. जोडणी लावून व दिवे चालू ठेवून स्विचच्या दोन अग्रांमधील विद्युत दाब मोजल्यास खरी स्थिती कळते. हा फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असल्यास संपर्क खराब झाले असल्याचे मानले जाते.

स्विच बाहेर काढल्यानंतर दट्ट्या बोटाने दाबून हीच मोजणी पुन्हा केली जाते. हाताने दाबल्यावर स्विच व्यवस्थित चालत असेल, तर दोष गिअरपेटीतील यंत्रणेत, दांड्याच्या जुळणीत किंवा वॉशरच्या जाडीत शोधावा लागतो.

बदलण्याची पद्धत

स्विच दुरुस्त न करता बदलण्याचीच पद्धत रूढ आहे, कारण त्याचे कवच कारखान्यात कायमचे बंद केलेले असते.

पूर्वतयारी

गाडीचे मॉडेल, निर्मितीचे वर्ष आणि गिअरपेटीचा प्रकार यांनुसार स्विच निवडला जातो. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या गिअरपेट्या वापरलेल्या असू शकतात. आट्यांचा व्यास व अंतर, दट्ट्याची लांबी आणि जोडणीचा आकार या तीन बाबी जुन्या स्विचशी जुळणे आवश्यक असते. आटे जुळले पण दट्ट्या लांब असला, तर स्विच बसेल, मात्र दिवे सतत पेटतील किंवा आतील भागावर दाब येईल.

कामासाठी योग्य मापाचा रिंग पाना किंवा खोल सॉकेट, टॉर्क पाना, तेल झेलण्यासाठी ट्रे, स्वच्छ फडके, तारेचा ब्रश, नवीन वॉशर आणि गिअर तेल लागते. गाडीखाली काम करायचे असल्यास ती केवळ जॅकवर उचलून ठेवणे प्राणघातक ठरू शकते. सपाट व कठीण जमिनीवर योग्य क्षमतेचे स्टँड लावूनच गाडीखाली जाण्याचा नियम आहे.

क्रम

१. इंजिन व गिअरपेटी थंड होऊ दिली जाते. नुकत्याच चालवलेल्या गाडीतील तेलाने त्वचा भाजू शकते.

२. बॅटरीची ऋण तार सोडवली जाते व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला जातो, जेणेकरून दट्ट्यावर दाब राहत नाही. गाडी गिअरमध्ये नसल्याने हँडब्रेक व चाकांचे अडसर पुन्हा तपासले जातात.

३. स्विचभोवतालची धूळ व चिखल ब्रशने आणि फडक्याने साफ केला जातो. स्विच काढल्यावर उघड्या भोकातून खडा किंवा वाळू आत गेल्यास दंतचक्रे व बेअरिंग यांना इजा होते.

४. जोडणीची खाच दाबून ती सरळ ओढली जाते. तारेला धरून ओढल्यास अग्रे निसटतात.

५. स्विच गिअरपेटीतील तेलाच्या पातळीपेक्षा खाली असल्यास तेल आधी काढून घेतले जाते किंवा गाडीची ती बाजू उंच केली जाते. पातळीपेक्षा वर असलेला स्विच काढल्यास थोडेच थेंब पडतात. तरीही खाली ट्रे ठेवला जातो.

६. स्विच घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवून सोडवला जातो. काही गिअरपेट्यांत स्विच व निवड-दांडा यांच्यामध्ये सुटी पोलादी पिन किंवा गोळी असते. ती बाहेर पडल्यास जपून ठेवून त्याच जागी परत घालावी लागते, अन्यथा नवीन स्विच कधीच चालणार नाही.

७. जुना वॉशर भोकाच्या काठावर चिकटून राहिला आहे का हे पाहून तो काढला जातो. नवीन स्विच एकाच, योग्य जाडीच्या नव्या वॉशरसह बसवला जातो. दोन वॉशर राहिल्यास स्विच बाहेर सरकतो व दट्ट्या उंचवट्यापर्यंत पोहोचत नाही.

८. स्विच प्रथम हाताने फिरवून आटे सरळ बसल्याची खात्री केली जाते. गिअरपेटीचे कवच बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असल्याने तिरके बसलेले आटे सहज कापले जातात व मग छोट्या कामाचे रूपांतर मोठ्या खर्चात होते. शेवटची आवळणी टॉर्क पान्याने निर्मात्याने दिलेल्या मूल्यानुसार केली जाते. हे मूल्य वाहनागणिक वेगळे असते. अनेक मोटारींत ते २० ते ४५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान आढळते.

९. सीलंटचा वापर निर्मात्याने सांगितला असेल तरच केला जातो. एका तारेच्या स्विचमध्ये आट्यांवर भरपूर टेप गुंडाळल्यास अर्थचा संपर्क कमकुवत होऊ शकतो.

१०. जोडणी लावून व तार गरम किंवा फिरत्या भागांपासून दूर बांधून बॅटरी जोडली जाते.

तेलाची पातळी

तेल वाया गेले असल्यास पातळी पुन्हा तपासावी लागते. अनेक गिअरपेट्यांत गाडी सपाट असताना तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल असणे ही योग्य पातळी मानली जाते. तेलाचा प्रकार मात्र सरसकट एक नसतो. काही वाहनांना जीएल-४ दर्जाचे तेल लागते, तर काहींना निर्मात्याचे खास तेल. जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतील रसायने सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांना अपायकारक ठरू शकतात. त्यामुळे माहितीपुस्तिकेत दिलेलेच तेल वापरले जाते.

अंतिम चाचणी

इंजिन बंद ठेवून व इग्निशन चालू करून गिअर एकामागून एक टाकले जातात. दिवे फक्त रिव्हर्समध्ये लागणे आणि अन्य प्रत्येक गिअरमध्ये व न्यूट्रलमध्ये विझलेले असणे या दोन्ही गोष्टी पाहिल्या जातात. कॅमेरा, संवेदक व भोंगा असल्यास तेही तपासले जातात. गाडी काही किलोमीटर चालवल्यानंतर स्विचभोवती तेल झिरपत नसल्याची खात्री केली जाते.

कायदेशीर तरतुदी

संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी नियमन क्रमांक २३ हे रिव्हर्स दिव्यांच्या गुणधर्मांविषयी असून क्रमांक ४८ मध्ये दिव्यांच्या मांडणीचे नियम आहेत. क्रमांक ४८ नुसार रिव्हर्स गिअर टाकलेला असताना आणि इंजिन चालू होऊ शकेल अशा स्थितीत इग्निशन असतानाच हा दिवा पेटला पाहिजे. प्रवासी मोटारींना एक दिवा अनिवार्य व दुसरा ऐच्छिक आहे. सहा मीटरपेक्षा लांब असलेल्या इतर मोटार वाहनांना दोन दिवे अनिवार्य आहेत.

अमेरिकेत संघीय मोटार वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०८ अन्वये हे दिवे आवश्यक आहेत. तेथे मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांना मागील दृश्य दाखवणारा कॅमेराही बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर २००९ पासून प्रथम वापरात आलेल्या वाहनांच्या रिव्हर्स दिव्यांची तपासणी मे २०१८ पासून वार्षिक चाचणीत समाविष्ट झाली.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये वाहनाच्या मागील बाजूस लाल सोडून अन्य रंगाचा प्रकाश दाखवण्यास मनाई असून, वाहन मागे घेताना वापरला जाणारा पांढरा दिवा हा तिला दिलेल्या अपवादांपैकी एक आहे. ही सवलत वाहन मागे घेण्याच्या वेळेपुरतीच असल्याने, स्विच अडकल्यामुळे सतत पेटलेला दिवा केवळ गैरसोयीचा न राहता नियमबाह्यही ठरतो. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागे घेताना अडथळ्याची सूचना देणारी यंत्रणा अनिवार्य करण्यात आली आहे. अनेक हस्तचालित मोटारींत ही यंत्रणाही रिव्हर्स लाइट स्विचच्या संकेतावरच सुरू होते.

बिघाड असताना घ्यावयाची काळजी

रिव्हर्सचे दिवे चालकाला आपल्या जागेवरून दिसत नाहीत. त्यामुळे ते बंद पडल्याचे कित्येक दिवस लक्षात येत नाही. रात्री भिंतीजवळ गाडी मागे घेताना भिंतीवर पडणारा पांढरा उजेड पाहणे ही तपासणीची सोपी रीत आहे. कॅमेऱ्याचे चित्र अचानक येईनासे झाल्यास कॅमेऱ्याबरोबर मागील दिवेही पाहून घेतले जातात.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी मागे घ्यावी लागल्यास एखाद्या व्यक्तीने खाली उतरून, गाडीच्या मार्गाबाहेर व चालकाला आरशात दिसेल अशा जागी उभे राहून दिशा दाखवणे सुरक्षित मानले जाते. ती व्यक्ती आरशात दिसेनाशी होताच गाडी थांबवणे आवश्यक असते. दिव्यासाठी डॅशबोर्डवर हाताने चालवण्याचा वेगळा स्विच बसवण्याची युक्ती काही ठिकाणी वापरली जाते. परंतु दिवा लावायला किंवा विझवायला चालक विसरू शकत असल्याने ती मूळ स्विचला पर्याय ठरत नाही.

हे सुद्धा पहा

गिअरपेटी
क्लच
मोटार वाहनातील दिवे
फ्यूज
रिले
मल्टिमीटर